रबर नवं, पाणी जुनंच: जुन्या गाडीच्या दरवाजातली गळती मुळापासून कशी काढावी

उन्हाळ्यात दरवाजांना नवं रबर घालायचं आणि जूनमध्ये पावसाने जोर धरला की पायाखालची चटई पुन्हा ओलीचिंब. कोल्हापुरात जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर सांभाळणाऱ्यांकडून हे इतक्यांदा ऐकू येतं की बहुतेकांनी ते गाडीच्या वयाच्या नावावर टाकून दिलंय. जुनी गाडी आहे, गळणारच. मला हे अजिबात पटत नाही. दरवाजा आणि काचेची चौकट जागेवर असेल तर बाजारातलं साधं रबरसुद्धा पाणी अडवतं. जागेवर नसेल तर कितीही महागडं आणा, ते एका कोपऱ्यात चेपून मरतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात नुसतं लोंबत राहतं.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो, रबर हे शेवटचं काम आहे. आधी बिजागरी, मग चौकट, मग काच आणि तिचं चॅनेल (काच ज्या खाचेतून वर-खाली सरकते ती), आणि सगळं झाल्यावर रबर. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा उलटं होतं, कारण रबर बदलणं पटकन उरकतं आणि गिऱ्हाइकाला ते डोळ्यांनी दिसतं. बिजागरीची पिन बदललेली कुणाला दिसत नाही. इथले एक वयस्कर डेंटर रबर घेऊन आलेल्या प्रत्येकाला एकच वाक्य ऐकवतात: ‘आधी दार बसवा की, मग रबराचं बघू.’

खाली लिहिलंय ते मुख्यतः पद्मिनी (आपल्याकडे तिला अजून फियाटच म्हणतात) आणि अ‍ॅम्बेसेडर डोळ्यांसमोर ठेवून. काचेभोवती पत्र्याची चौकट असलेल्या कुठल्याही जुन्या गाडीला ते लागू पडेल. या दोन्ही गाड्यांना वेगळी चासी (बॉडीखालचा सांगाडा) नाही, बॉडीच सगळा भार पेलते. गंजलेल्या गाडीत दरवाजे का बसत नाहीत, याचं अर्धं उत्तर त्यात आहे.

पाणी येतं कुठून, हे आधी ठरवा

चटई ओली म्हणजे दरवाजाच दोषी असं नाही. पुढच्या काचेच्या रबरातून, वायपरच्या दांड्यापाशी किंवा बॉनेटमागच्या हवेच्या झडपेतून आत शिरलेलं पाणी डॅशबोर्डमागून उतरतं आणि नेमकं दरवाजाजवळ साचतं. त्यामुळे चटई काढा, पत्रा कोरडा पुसा आणि वर वर्तमानपत्राचे कागद पसरा. उंबऱ्यावर (दरवाजाखालची पत्र्याची कड) आणि पिलरच्या (दरवाजाच्या बाजूचा उभा खांब) आतल्या बाजूला शंखजिरं भुरभुरा. अंगाला लावायची टाल्कम पावडर म्हणजे तेच.

आता एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाईप धरायचा. पाणी खालून वर न्यायचं. आधी उंबऱ्याची कड, दोन-तीन मिनिटं थांबून काच दरवाजात उतरते ती रेघ, मग पिलर, आणि छताची पन्हळ सगळ्यात शेवटी. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडून एकदम ओघळतं आणि काहीच कळत नाही. पाईपच्या तोंडावर बोट दाबून फवारा मारू नका, त्या दाबापुढे चांगलं रबरही टिकत नाही. पावडरीवर पहिला ओघळ जिथे उमटेल तिथे खडूने खूण करा.

काही गाड्या पाईपखाली थेंबभर गळत नाहीत, पण हायवेला कागलच्या दिशेने निघालं की शिटी सुरू होते आणि पाऊस असेल तर काचेच्या वरच्या कोपऱ्यातून पाणी येतं. याला कारण आहे. वेगात गाडीच्या कडेला, विशेषतः पुढच्या पिलरच्या मागे, हवेचा दाब कमी होतो आणि काचेची चौकट बाहेरच्या बाजूला ओढली जाते. उभ्या गाडीत जेमतेम टेकलेलं रबर वेग वाढला की सुटतं. हे शोधायला पेंटरकडची मास्किंग टेप पुरते. दरवाजाभोवतीची सगळी फट बाहेरून टेपने बंद करा आणि गाडी पळवून बघा. शिटी गेली असेल तर टेपचा एकेक तुकडा काढत पुन्हा पळवा. ज्या तुकड्यासरशी शिटी परत येईल ती जागा. टेप लावूनही शिटी येत असेल तर दरवाजा सोडा आणि त्रिकोणी काच, आरसा, पन्हळीची पट्टी बघा.

दरवाजा लोंबलाय का?

दरवाजा एक-दोन इंच उघडा, लॉकच्या बाजूने दोन्ही हातांनी धरून वर उचला. बघायचं मात्र बिजागरीकडे. पिन भोकात हलताना दिसली तर पिन झिजलीय, हा त्यातला सोपा आजार. बिजागरीचं पान पिलरवर सरकत असेल तर स्क्रू ढिले आहेत किंवा पिलरच्या आतल्या पट्टीचे आटे गेलेत. आणि पिलरच हलत असेल, त्याच्या बुडाशी रंग तडकलेला असेल, तर रबर आणि चौकट दोन्ही विसरा. आधी पत्र्याचं काम.

पत्र्याची आणखी एक परीक्षा. गाडी सपाट जागी चारही चाकांवर उभी करून पुढच्या-मागच्या दरवाजामधली फट वर आणि खाली मोजून ठेवा. मग गाडीच्या कडेला, दरवाजांखाली, जॅक लावून चाकं सुटेपर्यंत उचला. फटीत नजरेला दिसेल इतका फरक पडला, दरवाजा उघडताना घासू लागला, तर उंबऱ्याखालची पेटी आतून कुजलीय. अशा गाडीत आज बसवलेला दरवाजा पुढच्या खड्ड्याला परत हलणार. याच कारणाने दरवाजाचं कुठलंही माप गाडी जॅकवर असताना घेऊ नये.

पिन झिजलेली असेल तेव्हा भोकही अंडाकार झालेलं असतं, त्यामुळे नुसती नवी पिन ठोकून भागत नाही. भोकात रीमर फिरवून ते गोल करायचं आणि त्या मापाची पिन लेथवर करून घ्यायची, किंवा फॉस्फर ब्राँझचं बुश घालायचं. हे काम करणारे लेथवाले शिवाजी उद्यमनगरात शेजारी-शेजारी बसलेत. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या गावात राहिल्याचा हा फायदा पुरेपूर घ्या. बिजागरी सोबत न्या, फोनवर माप सांगू नका. काढण्याआधी बिजागरीच्या पानाभोवती पिलरवर टोकदार पेन्सिलीने रेघ मारा आणि दरवाजाखाली जॅकवर लाकडी फळी ठेवून वजन पेला. अ‍ॅम्बेसेडरचा दरवाजा एकट्याने झेलायच्या भानगडीत पडू नका.

पिन नवी झाली, तरी मागची कड खाली वाटते? ज्या गाडीत बिजागरी पिलरच्या मागच्या तोंडावर बसते आणि तिच्यामागे पातळ पत्र्याची शिम घालता येते, तिथे खालच्या बिजागरीमागे शिम घाला. दरवाजाचं खालचं टोक मागे ढकललं जातं आणि लॉकची बाजू वर उचलली जाते. किती, याचा हिशोब सोपा आहे. दोन बिजागऱ्यांमधलं अंतर दरवाजाच्या लांबीच्या एक-तृतीयांश असेल तर १ मिमीच्या शिमने मागची कड सुमारे ३ मिमी वर येते. म्हणून अर्ध्या मिलिमीटरपासून सुरुवात करा. दरवाजाखाली पहार घालून वर उचकटण्याची पद्धत सगळीकडे चालते, पण तिने पान वाकतं आणि पिलरची आतली पट्टी फाटते. ती गाडीशी निर्दयपणे वागण्याची रीत आहे.

हे सगळं करताना पिलरवरचा स्ट्रायकर (दरवाजाचं लॉक ज्यात अडकतं तो तुकडा) काढून ठेवा. काढण्याआधी त्याच्याभोवतीही रेघ मारा. कित्येक गाड्यांत दरवाजा लोंबलेला असतो आणि बंद होताना स्ट्रायकर त्याला उचलून धरतो, म्हणून बंद दरवाजा सरळ दिसतो. हळू बंद करून बघा, शेवटच्या इंचात दरवाजा वर चढतोय का. स्ट्रायकर नसताना दरवाजा अलगद ढकलल्यावर चारी बाजूंची फट सारखी दिसली तरच बिजागरीचं काम झालं. मग स्ट्रायकर दरवाजाच्या मापाने लावायचा, दरवाजा स्ट्रायकरच्या मापाने नाही.

चौकट किती बाहेर गेलीय, ते मातीने मोजा

दरवाजा बसला, पण काचेच्या चौकटीची वरची कड छतापासून बाहेर झुकलेली, हा सगळ्यात सरसकट आढळणारा दोष आहे. वर्षानुवर्षं उघडा दरवाजा चौकट धरून ओढला जातो, लहान मुलं तिला लोंबकळतात, रबर जाड घातलं की ते तिला बाहेर रेटतं. डोळ्यांना ३-४ मिमीचा फरक दिसत नाही, पाण्याला पुरतो.

जुनं रबर पूर्ण काढा, त्याखालचं सोल्युशन (रबर चिकटवायचा गोंद) खरवडून जागा स्वच्छ करा. मुलं खेळतात ती रंगीत माती घ्या आणि बोटाएवढ्या जाड गोळ्या करून, एकेका वितीवर, जिथे रबर बसतं त्या कडेवर चिकटवा. प्रत्येक गोळीवर पातळ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, नाहीतर ती दरवाजाला चिकटून येते. स्ट्रायकर परत लावून दरवाजा पूर्ण बंद करा, लॉकचा दुसरा खटका ऐकू आला पाहिजे. उघडा. दबलेल्या गोळ्या ब्लेडने मधोमध कापा आणि जिथे सगळ्यात पातळ झाल्यात तिथली जाडी व्हर्नियरने मोजून दरवाजाचं चित्र काढून त्यावर लिहा. समजा पुढच्या पिलरवर ८, छतापाशी मधे ९, लॉकजवळ ८ आणि मागच्या वरच्या कोपऱ्यात १४ मिमी आलं, तर रोग कुठे आहे हे त्या चित्रावरून शेंबड्या पोरालाही कळेल. १२ मिमीचं रबर १४ मिमीच्या फटीला टेकणारसुद्धा नाही. म्हणून सगळीकडे १६ मिमीचं घातलं तर लॉकजवळ दरवाजा बंद होणार नाही. दर वर्षी रबर बदलूनही पाणी का येतं, याचा हिशोब बहुतेक गाड्यांत एवढाच असतो.

चौकट आत घ्यायची तर काच पूर्ण खाली करा, शक्य असेल तर काढूनच ठेवा. बाजूच्या काचा टफन्ड असतात, कडेला ताण आला की चुरा होतो. लॉकच्या थोडं वर, दरवाजा आणि पिलर यांच्या मधे जाड कापड गुंडाळलेला लाकडी ठोकळा धरा आणि दरवाजा त्यावर टेकवा. आता चौकटीचा बाहेर गेलेला कोपरा दोन्ही तळव्यांनी आत दाबा. झटका द्यायचा नाही, दाब वाढवत न्यायचा. पत्रा परत उसळतो, त्यामुळे हवंय त्यापेक्षा जरा जास्त जावं लागतं. प्रत्येक दाबानंतर त्या कोपऱ्यात मातीची नवी गोळी लावून मोजा. चौकट आत गेलेली असेल आणि बाहेर काढायची असेल तर गुडघा दरवाजाच्या पोटाला लावून चौकट आपल्याकडे ओढा. काही गाड्यांत चौकट दरवाजाच्या पोटात बोल्टने बसवलेली असते. तिथे वाकवू नका, ट्रिमबोर्ड (दरवाजाच्या आतल्या बाजूचं आवरण) काढून बोल्ट ढिले करा आणि सरकवा.

सगळीकडे तंतोतंत आकडा येणार नाही, आणि तसा हट्टही धरू नये. सलग कडेवर २ मिमीच्या आत फरक राहिला तर रबर तो सामावून घेतं.

वाकवण्याआधी चौकट दरवाजाला मिळते तो कोपरा नखाने खरवडून बघा. दरवाजा आपटून आपटून तिथे बारीक चीर पडलेली असते आणि ती बहुधा लांबीखाली (पेंटरच्या पुट्टीखाली) झाकलेली असते. चीर तशीच ठेवून चौकट वाकवली तर ती वाकत नाही, फाटते. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे सरकत नाही. मागून तांब्याची पट्टी लावून थोडं थोडं, थांबून थांबून वेल्ड करा. सलग ओढलेल्या वेल्डने चौकटच पिळवटते. पितळी वेल्डिंग केलं असेल तर फ्लक्स गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण धुऊन काढा, तो राहिला की रंगाखालून गंज सुरू होतो. आणि रबर बसतं त्या कडेवर लांबी अजिबात नको. दरवाजाच्या प्रत्येक आपटण्यासरशी ती कड थरथरते, लांबी तडकते, पाणी रबराच्या वरून न येता खालून येतं. तिथे पत्रा साफ, त्यावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर रंग. बस्स.

काच तिरकी चढते

काच वर नेताना एका बाजूने पुढे जाते, मधेच अडते, शेवटचा इंच हाताने ओढावा लागतो. लोक लगेच काचेचं मशीन (काच वर-खाली करणारी यंत्रणा) बदलतात. मशीन झिजलेलं असू शकतं, पण आधी चॅनेल बघा. पुढच्या दरवाजात त्रिकोणी काच आणि मुख्य काच यांच्या मधली उभी पट्टी हेच पुढचं चॅनेल. तिचं खालचं टोक दरवाजाच्या पोटात एखाद्या बोल्टवर धरलेलं असतं. तो ढिला झाला की पट्टी खाली फाकते किंवा आवळते.

बांबूची एक सरळ कामटी घ्या. वरती, दोन्ही चॅनेलच्या आतल्या तळापासून तळापर्यंत बरोबर बसेल एवढी कापा. ती चॅनेलमधून खाली सरकवत न्या. खाली सैल झाली तर काच तिथे डुलणार, अडली तर काच तिथे अडणार. बोल्ट ढिला करून पट्टी सरकवा आणि कामटी वरपासून खालपर्यंत सारखी फिरेपर्यंत थांबू नका. चॅनेलच्या आतली मखमल झिजून पत्रा उघडा पडला असेल तर चॅनेल नवंच घाला. ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडे पाचटाची काळी राख हवेत उडते. ती मखमलीत आणि काचेच्या कमरेच्या पट्टीत (काच दरवाजात उतरते तिथली पट्टी) जाऊन बसते आणि काचेवर उभे ओरखडे पाडते. हंगाम संपला की चॅनेलमधून व्हॅक्यूम फिरवायचा.

काचेच्या बुडाला लोखंडी पट्टी असते, तिच्यात रबर घालून काच घट्ट बसवलेली असते. ती पट्टी आतून गंजली की फुगते आणि काचेवर दाब आणते. गंजाचे पापुद्रे दिसले तर पट्टी बदला.

आता रबर

जुन्या रबराचा जिथे कमीत कमी चेपलेला भाग आहे, तो बहुधा खाली बिजागरीजवळ मिळतो, तिथून धारदार ब्लेडने एकदम सरळ काप घ्या. कापलेलं तोंड शिक्क्याच्या शाईच्या पॅडवर टेकवा आणि कागदावर उमटवा. रबराचा छेद, त्याची पोकळी, कडेची जीभ, सगळं खऱ्या मापात कागदावर येतं. त्या ठशासोबत मातीच्या गोळ्यांचे आकडे घेऊन दुकानात जा. ‘पद्मिनीचं रबर द्या’ एवढ्यावर दुकानदार जे देईल ते पद्मिनीला लागेलच असं नाही. या गाड्यांचं उत्पादन थांबून काळ लोटला, अ‍ॅम्बेसेडरचा उत्तरपाड्याचा कारखानाही २०१४ मध्ये बंद पडला. बाजारात मिळतं ते बहुतेक जवळपासच्या मापाचं सर्वसाधारण रबर. म्हणून माप आपलं आपल्याकडे पाहिजे.

पोकळ रबर बंद दरवाजात साधारण एक-तृतीयांश दबलं पाहिजे. फट ८ मिमी असेल तर १२ मिमीचं रबर. त्याहून जाड घेतलं की दरवाजा आपटावा लागतो, आपटून चौकट परत बाहेर जाते, आणि पुढच्या पावसाळ्यात आपण परत पहिल्या पायरीवर.

रबर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं असावं. ऊन आणि हवेतला ओझोन ते नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी चांगलं सोसतं, नैसर्गिक रबराला वळणावर बारीक भेगा पडतात. स्वस्त पीव्हीसी थंडीत ताठरतं आणि मे महिन्यात मऊ पडून चेपलेलं तसंच राहतं. दुकानातला नमुन्याचा तुकडा घरी आणून त्याची परीक्षा घेता येते. दोन पट्ट्यांमधे धरून अर्ध्या जाडीला आवळा आणि दिवसभर उन्हात ठेवा. संध्याकाळी सोडा. तासाभरात जवळजवळ मूळ जाडीला आलं तर घ्या, चपटंच राहिलं तर पैसे वाया घालवू नका.

एक सवय मात्र आजपासून सोडा. गाडी धुतल्यावर रबर काळंभोर दिसावं म्हणून त्यावर डिझेल किंवा जुनं इंजिन ऑईल पुसायची पद्धत आपल्याकडे फार आहे. ईपीडीएम पेट्रोलियमच्या तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. चमक दोन दिवस टिकते, रबर कायमचं जातं. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस किंवा शंखजिरं.

बसवताना सगळ्यात जास्त नुकसान होतं ते रबर ताणल्याने. ताणून लावलेलं रबर त्या दिवशी सुरेख दिसतं. मग ते हळूहळू आपल्या लांबीला परत येतं, कोपऱ्यातून वर उचलतं आणि सांध्याला फट पडते. उलट करा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रबर किंचित ढकलत, कोंबत न्या आणि शेवटी ५ ते १० मिमी जास्तच कापा. सांधा खाली उंबऱ्याच्या बाजूला ठेवा, छताखाली कधीच नको. तीव्र वळणावर पोकळ रबर आतून मुडपतं. तिथे पोकळीत बारीक रबरी दोरीचा बोटभर तुकडा सरकवला की गोलाई टिकते. रबराच्या पाठीला बारीक भोकं दिसतील, ती हवा बाहेर जाण्यासाठी आहेत. ती सोल्युशनने बुजली तर दरवाजा बंद करताना रबर हवेच्या फुग्यासारखं अडतं.

सोल्युशन दोन्हीकडे लावायचं, पत्र्यावर आणि रबरावर, आणि बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं. ओलं असताना चिकटवलं तर आतला थिनर बाहेर पडायला वाट राहत नाही. रंग नवा असेल तर तो पूर्ण वाळू द्या, नाहीतर सोल्युशन रंग उचलून काढेल. आणि हे काम एप्रिल-मेमध्येच उरका. पावसाळ्यात थिनर उडताना पृष्ठभाग थंड पडतो, दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि सोल्युशनवर पांढुरकी साय येते. त्यावर रबर चिकटल्यासारखं वाटतं, पण महिनाभरात सुटतं. पाऊस सुरू झाल्यावरच वेळ मिळाला असेल तर बंद खोलीत हॅलोजन लावून पत्रा कोमट करून घ्या.

नवं रबर घातल्यावर दरवाजा जरा जड लागेल. लगेच स्ट्रायकर बाहेर सरकवू नका. दोन-चार दिवस दरवाजे पूर्ण बंद ठेवून गाडी उन्हात उभी करा, रबर बसतं. त्यानंतर कागदाची परीक्षा घ्या. दोन बोटं रुंद कागदाची पट्टी रबर आणि दरवाजा यांच्यामधे धरून दरवाजा बंद करा आणि ओढा. पट्टी ओढताना सगळीकडे सारखा अडथळा लागला पाहिजे. जिथे सहज निसटेल तिथे रबर टेकत नाही.

त्रिकोणी काचेचं रबर हे वेगळं, साच्यातून काढलेलं असतं आणि मीटरवर मिळत नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ पर्यंत रस्त्यावर होत्या, त्यामुळे तिकडच्या सुट्या भागांच्या बाजारात शोधल्यास अजून मिळायची आशा असते. मिळालं तर दोन्ही बाजूंचे जोड घेऊन ठेवा.

दरवाजाच्या पोटात पाणी जाणारच

काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी कमरेच्या पट्टीतून दरवाजाच्या पोटात उतरतं. हा बिघाड नाही, दरवाजा तसाच बनवलेला आहे. ते खालच्या कडेच्या भोकांतून बाहेर पडलं पाहिजे. चिखल, उसाची राख, अंडरकोटिंग आणि पेंटरची लांबी यांनी ही भोकं बंद होतात आणि मग दरवाजा आतून कुजतो. काच खाली करून पट्टीच्या फटीतून तांब्याभर पाणी सोडा. खालून लगेच धार लागली पाहिजे. लागली नाही तर वाकवलेल्या तारेने भोकं मोकळी करा. तारेने खरवडलेल्या जागी परत प्रायमर लावायला विसरू नका.

आणि ट्रिमबोर्डमागचा प्लॅस्टिकचा कागद. गॅरेजमध्ये काचेच्या मशीनसाठी बोर्ड उघडला की हा कागद फाडून फेकला जातो आणि परत कुणी लावत नाही. तो नसेल तर आतलं पाणी बोर्डाला भिजवतं, बोर्ड फुगतो, आणि ओघळ थेट चटईवर. वर जितकी मेहनत घेतली ती सगळी फुकट. जाड पॉलिथिन घ्या, ब्यूटाईल टेपने कडा चिकटवा, हँडल आणि लॉकच्या भोकांपुरताच काप द्या. कागदाची खालची कड दरवाजाच्या खाचेतून आत, पोटात सोडायची, म्हणजे त्यावरचं पाणी आतच ठिबकून भोकांतून बाहेर जातं. ती खाचेबाहेर, बोर्डाच्या बाजूला राहिली तर कागद पन्हळीचं काम करून सगळं पाणी गाडीत आणून सोडतो.

ट्रिमबोर्डाच्या क्लिपा एवढ्यात घट्ट ठोकू नका. एक-दोन चांगल्या सरी अंगावर घेऊ द्या. जमलं तर गगनबावड्याच्या रस्त्यावर एक चक्कर मारा. शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पडतो, तिकडे पाच हजारांच्या वर, आणि वाऱ्यासकट आडवा येतो. परत आल्यावर बोर्डाची खालची कड ओढून हात आत घाला आणि कागदाच्या गाडीकडच्या बाजूने बोट फिरवा. बोट कोरडं आलं तर क्लिपा ठोका. ओलं आलं तर ओल कुठून सुरू होते ते बोटाने वर वर चाचपत जा. ती कमरेच्या रेघेच्या खालीच संपली तर कागद नीट चिकटलेला नाही. त्याही वर गेली तर मातीच्या गोळ्या परत बाहेर काढा.